नट कच्चा की लिखाण कच्चं? 'बॅबिलॉन ५' आणि वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात 'बॅबिलॉन ५'बद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि यावेळी जवळजवळ सगळे प्रश्न त्याच सिरियलवर आलेत, तेही अभिनयाबद्दल, म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. ज्यांनी बघितली नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकन सायफाय सिरियल, १९९४ ते १९९८, पाच सीझन, ११० भाग. साल २२५८, पाच मैल लांब एक अंतराळस्थानक, त्यात माणसं आणि परग्रहवासी मिळून अडीच लाख जीव, आणि युद्ध टाळायचं म्हणून तिथे वेगवेगळ्या ग्रहांचे राजदूत राहतात. एकट्या हिरोची ही सिरियल नाही, दहा-बारा जणांचा संच आहे, त्यामुळे एक जण जरी ढिला पडला तरी लगेच जाणवतं.

प्रश्न: आम्ही ऑफिसमधले पाच जण ग्रुपने 'बॅबिलॉन ५' बघतोय, पहिल्या सीझनचे चार भाग झाले. कमांडर सिंक्लेअर म्हणजे मायकल ओ'हेअर आम्हाला लाकडी वाटतो, सोसायटीची नोटीस वाचून दाखवावी तसे डायलॉग म्हणतो. एक मित्र म्हणतो सरळ दुसऱ्या सीझनवर उडी मारा, तिथे कमांडर बदलतो. पण नट कच्चा आहे की सिरियलच तशी लिहिलीय हे ठरवायचं कसं? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: उडी मारू नका प्लीज. तुमचा कान बरोबर आहे, सुरुवातीच्या भागांत तो कडकच आहे आणि ते मी नाकारणार नाही, पण "लाकडी" म्हणून सोडून दिलं की कशामुळे लाकडी हा प्रश्नच मिटतो आणि खरी गंमत तर तिथेच आहे.

मी स्वतः राज्य नाट्य स्पर्धेला काही वर्षं कामं केलीत. एका नाटकात मी मोठ्या बहिणीची भूमिका करत होते, तालमीत मला वाटायचं माझं पाठांतर चोख, शब्दफेक स्वच्छ, मग दिग्दर्शक रोज का वैतागतोय. एक दिवस त्याने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाला, समोरची बोलतेय तोपर्यंत फक्त हा कप धर आणि ती काय म्हणते ते ऐक, तू ऐकत नाहीयेस, तू तुझ्या वाक्याची वाट बघतेयस. तेव्हापासून मी नट बघताना बोलणाऱ्यावरची नजर काढते आणि ऐकणाऱ्यावर ठेवते. तुम्ही करून बघा, एका भागात कळेल कोण खरंच ऐकतंय आणि कोण रांगेत उभं राहिल्यासारखं थांबलंय.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण याच सिरियलमध्ये आहे, दुसऱ्या सीझनच्या 'द कमिंग ऑफ शॅडोज' या भागात. लोंडो हा सेंटॉरी राजदूत (पीटर जुरासिक) आणि जकार हा नार्न राजदूत (अँड्रियास कात्सुलास), दोघं हाडवैरी. जकारला नुकतंच कळलंय की सेंटॉरी सम्राट इतका लांबचा प्रवास करून आला तो नार्न लोकांची माफी मागायला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आशा वाटतेय, म्हणून तो आपणहून लोंडोला गाठतो, त्याला ड्रिंक पाजतो, सम्राटाच्या तब्येतीसाठी पेला उचलतो. आणि लोंडोने त्याच्या आधीच नार्न वसाहतीवर हल्ला घडवून आणायची व्यवस्था करून ठेवलीय. जकार बोलतोय, त्याचा आनंद अगदी लहान मुलासारखा, आणि जुरासिकला त्या सीनमध्ये म्हणायला जवळजवळ काहीच नाहीये, फक्त ऐकायचंय. त्याचा चेहरा बघा. पंख्यासारखे उभे केलेले केस, भारी कोट, एरवी हा माणूस सगळं मोठ्याने करणारा, आणि इथे तो नुसता बसलाय आणि आपल्या हातून काय घडून गेलंय ते त्याला कळत चाललंय, पण समोरच्याला कळू द्यायचं नाहीये. मी तो सीन कितीतरी वेळा बघितलाय आणि दर वेळी पोटात गोळा येतो.

आता हीच फूटपट्टी सिंक्लेअरला लावा. कंट्रोल रूममधल्या सीनमध्ये कोणी काही खबर दिली की ओ'हेअर पुढच्या वाक्यासाठी थांबलेला दिसतो, खबर त्याच्या आत उतरत नाही. हा दोष त्याचाच, तिथे लेखकाला मध्ये आणायचं कारण नाही.

पण दुसरी गोष्ट बघा. त्या वाक्यात पात्राला काही हवंय का? पहिल्या सीझनमध्ये माहिती सांगायचं सगळं ओझं कमांडरच्या डोक्यावर आहे, दहा वर्षांपूर्वीचं पृथ्वी-मिनबारी युद्ध (मिनबारी म्हणजे परग्रहवासींची एक जमात) कसं झालं, आधीच्या चार स्थानकांचं काय झालं, कुठला राजदूत कुणाशी का बोलत नाही, हे सगळं प्रेक्षकाला कळावं म्हणून त्याने बोलायचं. माहिती देणारा नट नेहमी कोरडा दिसतो कारण त्या वाक्यातून त्याला स्वतःला काही मिळवायचं नसतं, मोठमोठ्या नटांचीही तिथे दमछाक होते. आणि जिथे सिंक्लेअरला काहीतरी हवं असतं तिथे हाच माणूस बदलतो. गोदी कामगारांच्या संपाचा भाग येईल, 'बाय एनी मीन्स नेसेसरी'. पृथ्वीवरून हुकूम येतो की संप मोडायला वाटेल ते करा, आणि सिंक्लेअर त्याच हुकमातल्या शब्दांचा आधार घेऊन लष्करी बजेटमधला पैसा कामगारांकडे वळवतो. तिथे ओ'हेअरचा तो संथ सरकारी आवाज एकदम कामाला येतो, कारण आता त्या आवाजाच्या मागे एक माणूस आहे जो मनातल्या मनात खूश झालाय.

आणि तुमचा पाचवा भाग, म्हणजे आज-उद्या जो बघाल तो, 'द पार्लमेंट ऑफ ड्रीम्स'. स्थानकावर प्रत्येक जमात आपापल्या धर्माचे विधी दाखवतेय आणि सगळ्यांना प्रश्न पडलाय की पृथ्वीवाले काय दाखवणार. शेवटी सिंक्लेअर राजदूतांना एका ठिकाणी घेऊन येतो, तिथे माणसांची रांग उभी आहे, आणि तो एकेकाची ओळख करून देतो, पहिला नास्तिक, मग कॅथलिक, मुस्लिम, ज्यू, हिंदू, आफ्रिकेतल्या जमातीचा कोणी, अशी ती रांग संपतच नाही. बास, एवढाच सीन. कुठलाही 'अभिनय' न करता, हस्तांदोलन करत, नाव घेत, पुढच्याकडे वळत. दुसऱ्या कोणी इथे गळा काढला असता. ओ'हेअरने नाही काढला, आणि त्या ताठपणामुळेच तो सीन उभा राहतो.

अजून एक, मग पुढे जाते. ओ'हेअर हा हार्वर्डमध्ये शिकलेला, जुलियार्डमध्ये अभिनयाचं ट्रेनिंग घेतलेला, रंगभूमीवरचा नट. त्याच्या शेजारी उभा असलेला गॅरिबाल्डी, स्थानकाचा सुरक्षाप्रमुख, म्हणजे जेरी डॉयल, तो आधी वॉल स्ट्रीटवर नोकरी करायचा, विमानं चालवायचा, अभिनयात उशिरा आला. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणालाही विचारा कोण जास्त सहज वाटतं, दहातले नऊ जण गॅरिबाल्डी सांगतील. ट्रेनिंग वाया गेलं असा याचा अर्थ नाही हं. स्टेजवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय लागलेला आवाज आणि पाठीचा ताठ कणा कॅमेरा जवळ आला की जड वाटतो, आपल्याकडेही नाटकातले कितीतरी चांगले कलाकार मालिकेत पहिले सहा महिने असेच अवघडलेले दिसतात.

प्रश्न: मी वर्षानुवर्षं मित्रांमध्ये ओ'हेअरची नक्कल करून हशा मिळवलाय. आता कळलं की तो त्या काळात आजारी होता. फार अपराधी वाटतंय. मग त्याच्या कामाबद्दल वाईट बोलायचंच नाही का? (वाचक, नाशिक)

उत्तर: ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत सांगते. पहिल्या सीझनचं शूटिंग चालू असताना ओ'हेअरला गंभीर मानसिक आजार झाला, भास व्हायला लागले, सगळे आपल्या विरोधात आहेत असं वाटायला लागलं. सिरियलचा निर्माता-लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की याने त्याला सांगितलं की काही महिने शूटिंग थांबवू, तू उपचार घे. ओ'हेअरने नकार दिला, कारण सिरियल थांबली तर बाकी सगळ्यांच्या नोकऱ्या जातील. कसाबसा सीझन पूर्ण केला आणि मग बाहेर पडला. दुसऱ्या सीझनपासून ब्रूस बॉक्सलायटनर कॅप्टन शेरिडन म्हणून आला आणि प्रेक्षक समजले की लाकडी होता म्हणून काढला. स्ट्रॅझिन्स्कीने ओ'हेअर जिवंत असेपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही, लोक काय वाट्टेल ते तर्क करत राहिले. सप्टेंबर २०१२ मध्ये ओ'हेअर गेला आणि २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्कीने हे सगळं जाहीर सांगितलं, ओ'हेअरचीच तशी इच्छा होती की आपल्यामागे लोकांना कळावं.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, आणि यावर मी बरेच दिवस विचार केलाय. आजार कळला म्हणून पडद्यावरचं काम मागे जाऊन चांगलं होत नाही. कंट्रोल रूममधले ते सीन तेव्हाही कच्चे होते, आजही आहेत, आणि ते कच्चे म्हणण्यात तुमची काही चूक नाही. चूक तिथे होते जिथे आपण कामावरून माणसावर घसरतो. "हा सीन अवघडलेला आहे" आणि "याला अभिनय येत नाही, याला घेतलाच कोणी" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आपण डोळ्यांनी बघितलेलं असतं. दुसऱ्यात आपण एका माणसाच्या आयुष्याबद्दल निकाल देतो ज्यातलं आपल्याला काडीचंही माहीत नसतं.

आणि अपराधी वाटत असेल तर एक करा, तिसऱ्या सीझनमधला 'वॉर विदाऊट एंड' हा दोन भागांचा एपिसोड पुन्हा बघा. उपचार घेऊन ओ'हेअर परत आला तो त्याच्यासाठी. काय होतं ते सांगत नाही, डोंबिवलीकर अजून पहिल्या सीझनला आहेत. पण त्यात सिंक्लेअरला एक निर्णय घ्यायचाय ज्यातून मागे येता येणार नाही, आणि तो माणूस किती शांत आहे बघा, चेहऱ्यावर ताण नाही, आवाज खाली आलाय, समोरच्याकडे बघतोय, ऐकतोय. पहिल्या सीझनमध्ये जे हरवलं होतं ते सगळं तिथे आहे. मला त्या दोन भागांनंतर 'अँड द स्काय फुल ऑफ स्टार्स'वाला भाग, म्हणजे पहिल्या सीझनमधला तो चौकशीचा भाग, पुन्हा बघावासा वाटला, ज्यात सिंक्लेअरच्या डोक्यात शिरून त्याच्या आठवणी उकरतात, आणि तो बघणं आता सोपं नाही.

प्रश्न: डेलेनचं, म्हणजे मिनबारी राजदूताचं, काम करणारी मीरा फुर्लान मला सपाट वाटते, उच्चारही विचित्र. मेकअपमुळे असेल का? (वाचक, कोल्हापूर)

उत्तर: मेकअपचा भाग आहेच. पायलट एपिसोडमध्ये तर तिच्या चेहऱ्यावर आणखी जाड थर होता कारण मूळ कल्पनेत ते पात्र पुरुष दाखवायचं होतं, नंतर ते बदललं आणि चेहरा जरा मोकळा झाला. रबराखाली भुवया हलत नाहीत, गाल हलत नाहीत, मग नटाकडे उरतात डोळे, मान आणि आवाज. कात्सुलासकडे बघा, जकारच्या मेकअपमध्ये त्याचा स्वतःचा चेहरा औषधालाही उरलेला नाही, आणि तरी तो नुसत्या मानेच्या झटक्यात आणि श्वासात सगळं सांगतो.

उच्चारांबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. फुर्लान झाग्रेबची, युगोस्लाव्हियातली नावाजलेली नटी, तिथे युद्ध पेटल्यावर १९९१ मध्ये देश सोडून अमेरिकेत आली आणि परक्या भाषेत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आणि तिला भूमिका कुठली मिळाली तर दोन जमातींमधलं युद्ध थांबवू बघणाऱ्या बाईची. ते शब्द मोजून उच्चारणं तिसऱ्या सीझनच्या 'सेव्हर्ड ड्रीम्स'मध्ये ऐका, मिनबारी जहाजं घेऊन ती येते आणि हल्लेखोरांना निघून जायला सांगते तिथे. ओरडत नाही. एकेक शब्द वेगळा ठेवते, आणि समोरच्या ताफ्याला मागे फिरावं लागतं. ती २०२१ च्या जानेवारीत गेली, ती बातमी आली त्या रात्री मी हाच सीन लावला होता.

प्रश्न: एखादा नट एका सिरियलमध्ये सुमार आणि दुसरीकडे जबरदस्त असं होऊ शकतं का? की आपल्यालाच तो आवडायला लागलेला असतो? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: होतं, आणि याच सिरियलमध्ये ठळक उदाहरण आहे. वॉल्टर केनिग. मूळ 'स्टार ट्रेक'मध्ये १९६७ पासून तो चेकॉव्ह होता, जहाज चालवणारा रशियन तरुण. वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात काय राहिलं तर त्याचे ते रशियन ढंगाचे उच्चार आणि वेदनेने किंचाळणं, कारण लिहिणाऱ्यांनी त्याला तेवढंच दिलं होतं, बाकी स्क्रीनकडे बघून आकडे सांगायचे. त्यावरून कोणी म्हणालं असतं की हा साधारण नट आहे तर मीही मान हलवली असती.

मग १९९४ मध्ये 'बॅबिलॉन ५'च्या 'माइंड वॉर' या भागात तो बेस्टर म्हणून आला, दुसऱ्यांची मनं वाचणाऱ्या पोलिसांपैकी एक, आणि अक्षरशः काटा येतो अंगावर. बुटका, गोड बोलणारा, काळा युनिफॉर्म. त्याचा डावा हात बघा, काळ्या हातमोज्यात, कायम मूठ वळलेली, त्या हाताने तो कधी काही उचलत नाही, कधी मूठ उघडत नाही. त्या हाताबद्दल भाषण देत नाही कोणी, तो नुसता अंगाशी धरलेला असतो आणि आपण सतत त्याच्याकडे बघत राहतो. ही कल्पना केनिगची स्वतःची होती. चांगल्या नटाला जागा मिळाली की तो हे असलं काहीतरी घेऊन येतो. त्यामुळे संचातल्या छोट्या भूमिकेतल्या नटाला नापास करायच्या आधी मी नेहमी बघते की त्याला परीक्षेचा पेपर तरी दिला होता का.

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन'मधल्या ट्रॉयचं (दुसऱ्यांच्या भावना ओळखू शकणारं पात्र), म्हणजे मरीना सर्टिसचं, असंच झालं. बरीच वर्षं तिचं काम म्हणजे समोरच्याला काय वाटतंय ते आपण सगळ्यांनी बघितलेलं असतानाही पुन्हा सांगायचं. सहाव्या सीझनमध्ये 'फेस ऑफ द एनिमी' आला, शत्रूच्या जहाजावर शत्रूचीच अधिकारी बनून तिला वावरायचंय, आणि एकदम कळलं की अरे, हिच्यात हे होतं.

प्रश्न: पाचव्या सीझनमधला बायरन, मनं वाचणाऱ्यांचा तो पुढारी. याच्यावर तरी दया दाखवू नका! (वाचक, पुणे)

उत्तर: नाही दाखवत. लांब केस, कुजबुजता आवाज, प्रत्येक वाक्य सुविचारासारखं, मलाही ते भाग बघवत नाहीत. पण रॉबिन अ‍ॅटकिन डाउन्स पुढे उत्तम व्हॉइस आर्टिस्ट झाला हे लक्षात घ्या, म्हणजे आवाजात प्रॉब्लेम नव्हता. प्रॉब्लेम हा की सिरियल चौथ्या सीझनला बंद पडणार म्हणून स्ट्रॅझिन्स्कीने मोठी कथा तिथेच उरकली, मग ऐनवेळी दुसऱ्या चॅनलने पाचवा सीझन घेतला, आणि त्याच्या सुरुवातीचं बरंचसं वजन या नव्या पात्रावर पडलं. त्यात कोणीही त्याच्याशी खरा वाद घालत नाही. ज्याला कोणी अडवत नाही त्या पात्राचा नट हळूहळू कीर्तनकार होतो. तरीही, त्या कुजबुजण्याची निवड नटाची आणि दिग्दर्शकांची, ती चुकलीच.

प्रश्न: माझे वडील म्हणतात अंतराळाच्या सिरियलमध्ये अभिनय नसतोच, नुसती यानं उडतात. ते जुने नाटकवाले आहेत. त्यांना एकच भाग दाखवायचा तर कुठला? (वाचक, सांगली)

उत्तर: चौथ्या सीझनचा 'इंटरसेक्शन्स इन रिअल टाइम'. यानबिन काही नाही. जवळजवळ अख्खा भाग एक खोली, एक टेबल, खुर्ची, आणि दोन नट, बॉक्सलायटनर आणि चौकशी करणारा रे बर्क. तो चौकशीवाला आरडाओरडा करत नाही, ब्रीफकेस उघडतो, कागद नीट लावतो, नमस्कार-चमत्कार करतो, एखाद्या तालुका ऑफिसातल्या कारकुनासारखा, आणि उपाशी माणसासमोर बसून सँडविच खातो. त्या सँडविचवर लक्ष ठेवायला सांगा वडिलांना, बाकी काही सांगू नका. कथा माहीत नसली तरी चालेल, एवढंच सांगून ठेवा की खुर्चीतला माणूस स्थानकाचा कॅप्टन आहे आणि त्याच्याकडून एका खोट्या कबुलीजबाबावर सही हवीय. आणि ते काय म्हणाले ते मला नक्की कळवा, मला खरंच ऐकायचंय.